कालच्या दिवसाचा जमाखर्च

"सुखी आहात का?" असं कोणी विचारलं की आपण नोकरी, घर, मुलांचं शिक्षण असं काहीतरी मोठं डोळ्यांपुढे आणून उत्तर देतो. काल दुपारी चार ते पाच आपण कसे होतो, ते त्या उत्तरात कुठेच नसतं. नोबेल पारितोषिक विजेते मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानमन यांना नेमका तो तास हवा होता. २००४ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार स्त्रियांचा अभ्यास 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध केला. पद्धत अशी: कालचा दिवस सिनेमासारखा प्रसंगांत तोडायचा. प्रत्येक प्रसंग किती वाजता सुरू झाला, कधी संपला, सोबत कोण होतं हे लिहायचं आणि तेव्हा आपण किती आनंदी, वैतागलेले किंवा दमलेले होतो त्याला गुण द्यायचे.

जोडीदाराशी जवळीक आणि मित्रमंडळींच्या गप्पा सर्वांत वर आल्या. कामावर जाण्यायेण्याचा प्रवास तळाशी. यात नवल काही नाही. पण मुलांची देखभाल टीव्ही पाहण्याच्या, इतकंच काय, स्वयंपाकाच्याही खाली निघाली! मुलं आवडतात का हा प्रश्न वेगळा, आणि काल सकाळी बूट घालण्यावरून झालेली ओढाताण वेगळी. दुसरीची नोंद आपण एरवी ठेवतच नाही.

आता प्रश्न उरतो, नकोशा कामांतून वेळ सोडवायचा कसा? ॲशली व्हिलन्स, एलिझाबेथ डन आणि इतरांनी २०१७ मध्ये व्हँकुव्हरचा एक प्रयोग मांडला. ६० नोकरदारांना दोन वेगवेगळ्या वीकेंडना ४०-४० डॉलर दिले. एकदा वस्तू घ्यायची, एकदा वेळ वाचेल असं काही. वेळ विकत घेतला त्या दिवशी माणसं जास्त खूश होती, कारण घड्याळाचा काच कमी झाला होता. मात्र ९८ जणांना नुसतं विचारलं, की ४० डॉलर मिळाले तर काय कराल, तेव्हा वेळ वाचवण्याचं नाव घेणारे निघाले फक्त २ टक्के. नेदरलँड्समधल्या लक्षाधीशांपैकी जवळजवळ निम्मे लोकही नावडत्या कामांसाठी पैसे मोजत नव्हते.

आपल्याला तर एक जादा अडचण. पुण्यात केरफरशीला मावशी असतात, त्यात कुणालाच उधळपट्टी दिसत नाही. तीच मंडळी न्यू जर्सीत आली, की सफाईवाल्याच्या डॉलरांचे मनातल्या मनात रुपये करतात आणि शनिवारी स्वतःच व्हॅक्यूम काढतात. मला वाटतं, हा गुणाकार आपला बराच वेळ खातो.

अर्थात ६० जणांचा प्रयोग छोटाच, आणि सुटलेला तास फोनवर बोट सरकवण्यात गेला तर पैसेही गेले आणि तासही. म्हणून आधी कानमन यांची यादी करून पाहा, एका कामाच्या दिवसाची आणि एका रविवारची. रविवारी सकाळी भारतात फोन होतो, तेव्हा तिकडे संध्याकाळ असते. आईशी बोलताना इअरफोन कानात आणि हात भांड्यांत असतील, तर त्या प्रसंगाला नाव काय द्यायचं, फोन की भांडी? मी दोन्ही लिहिते, आणि शेजारी 'मन कुठे होतं' असा आणखी एक रकाना ठेवते.