बिनतारी दिवा

रायगड जिल्ह्याच्या महाड तालुक्यात वीर हे गाव आहे. रोह्याहून निघालेला कोकण रेल्वेचा मार्ग १९९३ साली येथवर येऊन पोहोचला. आषाढात या भागात पाऊस कोसळू लागला, म्हणजे भरदिवसाही घरात काळोख दाटतो. मग रात्री माजघरातून परसाकडे निघालेल्या आजीला वाटेतला साप कोठून दिसणार? दिव्याचे मोल अशा वेळी कळते.

पूर्वीच्या विजेच्या दिव्यात बारीक तार तापून प्रकाश पडे आणि बहुतेक वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाई. एलईडी दिव्याची रीत निराळी. त्यात अर्धवाहकाचा इवलासा तुकडा असतो. त्यातून वीज वाहू लागली, की तो तुकडाच प्रकाशतो. लाल प्रकाशाचा असा दिवा १९६२ साली तयार झाला. पांढऱ्या प्रकाशासाठी मात्र निळा दिवा हवा होता. तो सिद्ध होण्यास आणखी सुमारे तीस वर्षे लागली. त्याबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा या शास्त्रज्ञांना २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आता हिशेब पाहा. ६० वॅटचा जुना दिवा रोज ५ तास लावला, तर ३० दिवसांत ९ युनिटे वीज लागते. जवळजवळ तेवढाच उजेड देणाऱ्या ९ वॅटच्या एलईडी दिव्याला दीड युनिटही लागत नाही. २०१५ साली सुरू झालेल्या उजाला योजनेमुळे हे दिवे स्वस्तात घरोघर पोहोचले.

जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्यात तारेवाचून दूरची घंटा वाजवून दाखवली. त्याच जातीच्या लहरी आज दिव्याला निरोप देतात. आजीची चाहूल लागताच पडवीतला दिवा उजळतो. दुकानात चुकून जळत राहिलेला दिवा दुकानदार घरबसल्या मालवतो.

परंतु निरोपाची वाट पाहणारा हा दिवा मालवलेला असतानाही थोडी वीज घेतच असतो. शिवाय वादळात तारा तुटल्या, की तोही इतर दिव्यांसारखाच विझतो. म्हणून मृगापूर्वीच विजेरी तपासून उशाशी ठेवणारी आजी त्या दिव्याहूनही शहाणी म्हटली पाहिजे.

शब्दार्थ : बिनतारी – तारेवाचून चालणारा, परस – घरामागील अंगण, विजेरी – हातात धरण्याचा विजेचा दिवा, बॅटरी.

प्रश्न :
१. जुन्या दिव्यात वीज वाया का जाई?
२. आजीला शहाणी का म्हटले आहे?
३. तुमच्या घरातील दिव्यांना महिन्यात किती युनिटे वीज लागते, ते काढा.