शब्दांची शिरगणती

उल्हासनगरच्या कॅम्प ५ या भागात सिंधी आणि मराठी या भाषा शेजारी शेजारी नांदतात. ज्या मुलाच्या घरी सिंधी बोलली जाते, त्याला मराठी उतारा वाचताना अनेक शब्द अनोळखी वाटतात. त्यांतील कोणते आधी शिकावेत, हे ठरविण्याचा एक सोपा मार्ग म्हणजे शब्दांची शिरगणती होय.

१९२१ साली थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने पुष्कळ पुस्तकांतील शब्द मोजून, वारंवार येणाऱ्या १०,००० शब्दांची यादी शिक्षकांसाठी प्रसिद्ध केली. त्या काळी असे काम हातांनीच करावे लागे. आता संगणक ते क्षणार्धात करतो. लहान उताऱ्यासाठी मात्र वही आणि पेन्सिल पुरते.

पुढील उतारा पाहा :

“युद्धाच्या काळात कल्याणजवळ सैनिकांची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेले लोक या छावणीत राहू लागले. पुढे छावणीचे नगर झाले. उल्हास नदीजवळच्या नगराला उल्हासनगर हे नाव मिळाले. छावणी गेली, पण ‘कॅम्प’ हा शब्द राहिला.”

या उताऱ्यात ३२ शब्द आहेत. साधी मोजणी करणारे यंत्र केवळ अक्षरे ताडून पाहते. त्यामुळे त्याला ‘छावणी’ हा एकच शब्द दोनदा आढळतो आणि ते ३१ निरनिराळे शब्द सांगते. परंतु ‘छावणीत’ आणि ‘छावणीचे’ ही ‘छावणी’चीच रूपे आहेत. ‘नगराला’ हे ‘नगर’चे रूप आहे. ‘राहू’ आणि ‘राहिला’ ही दोन्ही ‘राहणे’ या क्रियापदाची रूपे आहेत. ‘या’, ‘हे’ आणि ‘हा’ हेही एकाच कुळातले. अशी रूपे एकत्र केली आणि ‘उल्हासनगर’ हे विशेषनाम वेगळे धरले, तर मूळ शब्द २५ च उरतात. ‘छावणी’ चार वेळा येते. उतारा तिच्याविषयीच आहे, हेही त्यावरून कळते.

सिंधी भाषकाला याचा विशेष उपयोग होतो. सिंधीत ‘घर में’ असे दोन शब्द वेगळे लिहितात. मराठीत ‘घरात’ असा एकच शब्द होतो. प्रत्ययापूर्वी ‘घर’चे ‘घरा’ होते. यालाच सामान्यरूप म्हणतात. ते ओळखता आले, की एक शब्द शिकल्याने ‘घरात’, ‘घराला’, ‘घराचा’ असे अनेक शब्द परिचयाचे होतात आणि नवख्या पानाची भीती ओसरते.

तथापि, केवळ संख्येवर विसंबणे योग्य नव्हे. ‘फाळणी’ हा शब्द उताऱ्यात एकदाच आला आहे; पण १९४७ सालची ती घटना ठाऊक नसेल, तर ते लोक सिंध सोडून का आले, हे समजणार नाही. म्हणून वारंवार येणारे शब्द आधी शिकावेत आणि एकदाच आलेल्या शब्दापाशी थोडे थांबून त्याचा अर्थ विचारावा.

स्वाध्याय

१. मूळ शब्द सांगा : पाण्यात, घोड्याला, गावाहून.
२. सामान्यरूप म्हणजे काय? उदाहरण द्या.
३. पाठ्यपुस्तकातील एका परिच्छेदाचे शब्द मोजा. रूपे एकत्र करून मूळ शब्दांची यादी करा. एकदाच आलेला, पण महत्त्वाचा असा एक शब्द निवडून कारण लिहा.