चिमुकल्यांसह सागरसफर : आनंदाचा आणि जोखमीचा ताळेबंद

रजा प्रवास सवलतीचा विषय निघाला की आपल्या शाखाशाखांतून अंदमानचे नाव हमखास पुढे येते. सेल्युलर कारागृहात स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या कोठडीपुढे नतमस्तक व्हावे आणि मग निळ्याशार पाण्याखालचे प्रवाळांचे जग पाहावे, असा मराठी कुटुंबांचा जणू ठरलेलाच क्रम आहे. अशा कुटुंबांत आजी-आजोबांबरोबर दीड-दोन वर्षांचे एखादे चालते-धावते मूलही बहुधा असते. तेव्हा प्रश्न उभा राहतो : स्नॉर्केलिंगच्या नौकेवर या बाळाला न्यावे की नाही?

‘एवढा खर्च करून आलो, मग मागे कशाला राहायचे?’ असे एक जण म्हणतो. ‘एवढ्याशा जिवाला समुद्रात कशाला न्यायचे?’ असे दुसरा विचारतो. दोन्ही मते घाईची आहेत. कर्जाचा प्रस्ताव तपासल्याविना आपण मंजूरही करीत नाही आणि फेटाळतही नाही. हाही प्रस्ताव त्याच शिस्तीने तपासला पाहिजे. असा तपास केल्यावर दोन गोष्टी स्पष्ट होतात. या वयाचे मूल नौकेवर जाऊ शकते, परंतु स्नॉर्केलिंग करू शकत नाही. आणि नौकेवर असेपर्यंत ते नेमके कोणाच्या ताब्यात आहे, हे प्रत्येक क्षणी ठरलेले असावे लागते.

नळीचे साधे गणित

स्नॉर्केलिंग म्हणजे डोळ्यांवर काचेचा मुखवटा चढवून, तोंडात नळी धरून, पाण्याच्या पृष्ठभागावर पालथे तरंगणे. नाकाने श्वास घ्यायचा नाही, तोंडानेच घ्यायचा, ही सूचना दोन वर्षांच्या मुलाला समजणारी नाही. समजली असे गृहीत धरले तरी अंकगणित आड येते. मोठ्यांच्या नळीची लांबी साधारण ३५ सेंटिमीटर आणि व्यास २ सेंटिमीटर धरला, तर तिच्यात सुमारे ११० मिलिलिटर हवा मावते. प्रौढ माणूस एका श्वासात सुमारे ५०० मिलिलिटर हवा आत घेतो, त्यामुळे नळीतील जुनी हवा वजा जाता त्याला पुरेशी ताजी हवा मिळते. दोन वर्षांच्या मुलाचे वजन सुमारे १२ किलो असते आणि त्याचा एक श्वास जेमतेम ८० ते ९० मिलिलिटरचा असतो. म्हणजे नळीत साचलेली, स्वतःच सोडलेली हवाच ते पुन्हा ओढत राहील. बालकांसाठी आखूड नळ्या मिळतात, पण त्या सूचना समजणाऱ्या मोठ्या मुलांसाठी असतात. तेव्हा ‘आमचे पोर फार धीट आहे’ या कौतुकाला येथे जागा नाही.

स्थळाची निवड

समुद्र पाहण्यासाठी मुलाला पाण्यात उतरवलेच पाहिजे असे मात्र नाही. श्री विजयपुरम (२०२४ पूर्वीचे पोर्ट ब्लेअर) येथून सुमारे ३० किलोमीटरवर वंडूर आहे. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानाकडे जाणाऱ्या नौका तेथून सुटतात. या उद्यानातील जॉली बॉय बेटावर काचेच्या तळाच्या होड्या आहेत. आईच्या मांडीवर बसून पायांखाली सरकणारे प्रवाळ आणि रंगीत मासे पाहणे, हेच या वयाचे खरे स्नॉर्केलिंग! उथळ किनाऱ्यावरची वाळू आणि शंख पाठीवर घेऊन पळणारे खेकडे यांत मुलांचा तासभर सहज रमतो. आमच्या दोन वर्षांच्या कन्येने तर प्रवाळांकडे क्षणभर पाहून नंतरचा सारा वेळ अशा एका खेकड्यालाच वाहिला होता.

जाण्यापूर्वी येथील काही नियम माहीत असावेत. जॉली बॉय आणि रेड स्किन ही बेटे ऋतुमानानुसार आलटून-पालटून खुली ठेवली जातात. परवाना आधी काढावा लागतो. प्लास्टिकला सक्त मनाई आहे, म्हणून बाळाचे पाणी आणि खाऊ धातूच्या डब्यांतून न्यावा. बेटावर वस्ती नाही आणि उपाहारगृहही नाही. अंदमानच्या किनाऱ्यांवर काही ठिकाणी खाऱ्या पाण्यातील मगरींचा वावर असतो, म्हणून धोक्याचा फलक किंवा जाळी दिसेल तेथे तिचा मान राखावा.

मालवण-तारकर्लीकडे जाणाऱ्यांनाही हेच विचार लागू पडतात. ऋतू मात्र जपावा. अंदमानात नोव्हेंबर ते एप्रिल हा काळ सामान्यतः शांत समुद्राचा असतो. कोकणात पावसाळ्यात जलक्रीडा बंदच ठेवतात.

जॅकेट घरून न्यावे

बहुतेक नौकांवर लाईफ जॅकेटे असतात, परंतु ती मोठ्यांच्या मापाची असतात. अशा जॅकेटात लहान मूल पाण्यात पडताच खालून निसटते आणि जॅकेट तेवढे वर तरंगत राहते. म्हणून मुलाच्या वजनाला साजेसे जॅकेट घरूनच विकत घेऊन न्यावे. त्याला मान आणि डोके पाण्यावर उचलून धरणारी कॉलर, दोन्ही मांड्यांमधून जाणारा पट्टा आणि मागे उचलण्यासाठी मूठ असावी. माप तपासण्याची रीत सोपी आहे. जॅकेट घालून सर्व पट्टे आवळावेत आणि खांद्यांपाशी धरून ते वर ओढावे. ते हनुवटी किंवा कानांपर्यंत सरकले, तर सैल आहे असे समजावे. दंडावर चढवायचे फुगे आणि कमरेभोवतीची फुगीर कडी ही खेळणी आहेत. त्यांना सुरक्षेचे साधन मानू नये.

नौकेची क्षमता फलकावर लिहिलेली असते, ती वाचावी आणि चढलेली माणसे मोजावीत. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची नौका उलटून दोघे दगावले. ७ मे २०२३ रोजी केरळातील तानूर येथे क्षमतेपेक्षा जास्त प्रवासी घेतलेली नौका बुडून २२ जणांचा अंत झाला. त्यांत अनेक मुले होती.

ताबा कोणाकडे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख लोक बुडून मृत्युमुखी पडले. त्यांतील जवळजवळ एक चतुर्थांश पाच वर्षांखालील मुले होती. चित्रपटांत दिसतात तशा हाका आणि धडपड प्रत्यक्षात क्वचितच आढळते. लहान मूल आवाज न करता, एखाद्या मिनिटात, गुडघाभर पाण्यातही बुडू शकते. आजूबाजूला माणसे असूनही असे घडते, कारण प्रत्येकाला वाटते की दुसऱ्याचे लक्ष आहे.

आपल्या बँकेत तिजोरीच्या किल्ल्या कधी ‘सर्वांकडे’ नसतात. त्या नेमलेल्या अधिकाऱ्यांकडेच असतात आणि ताबा बदलताना नोंद होते, सही होते. मुलाच्या बाबतीतही हीच शिस्त पाळावी. एका वेळी एकच प्रौढ जबाबदार असावा. ‘आता बाळ माझ्याकडे’ हे शब्द त्याने मोठ्याने उच्चारावेत आणि आधीच्याने ‘दिले’ म्हणावे. हे झाल्याविना कोणी मुखवटा चढवू नये. ताबेदाराच्या हातात मोबाईल किंवा कॅमेरा नसावा. पाण्याजवळ मूल त्याच्या हाताच्या अंतरात असावे आणि नौका चालू असताना मांडीवर किंवा कवेत असावे.

आई-वडिलांनी स्नॉर्केलिंगला एकत्र न जाता पाळीपाळीने जावे. आजी-आजोबांवर भार टाकण्यापूर्वी डुलत्या नौकेवर त्यांना मूल उचलता येईल का, हे विचारून घ्यावे. भिडेखातर ‘हो’ म्हणणारी आजी घरोघरी असते! आमच्या घरात या व्यवस्थेला ‘चार्ज देणे’ असे नाव पडले. थोडी थट्टा झाली, पण सर्वांनी समुद्र निर्धास्तपणे पाहिला.

ऊन, थंडी आणि पोट

अंदमान पूर्वेला असल्याने तेथे हिवाळ्यात सायंकाळी पाच-सव्वापाचलाच सूर्य मावळतो. सकाळची पहिली नौका धरणे हिताचे, कारण तेव्हा समुद्र सहसा शांत असतो आणि ऊनही सौम्य असते. मुलाला पूर्ण बाह्यांचे सुती किंवा पोहण्याचे कपडे आणि कानांवर येणारी टोपी घालावी. कोमट वाटणाऱ्या पाण्यातही लहान शरीरातील उष्णता मोठ्यांपेक्षा लवकर निघून जाते. ओठ निळसर दिसू लागले किंवा हुडहुडी भरली, तर तत्काळ बाहेर काढून कोरडे करावे. निघण्यापूर्वी हलका आहार द्यावा आणि पाणी थोडे थोडे पाजत राहावे. उलटीवरचे औषध बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याविना देऊ नये.

प्रसंग ओढवलाच तर

बुडालेल्या मुलाला उलटे धरून किंवा पोट दाबून पाणी काढण्याची आपल्याकडे प्रथा आहे. ती घातक आहे. त्यात मोलाचा वेळ जातो आणि पोटातील अन्न श्वासनलिकेत शिरण्याची भीती असते. मूल श्वास घेत नसेल तर प्रथम तोंडाने श्वास द्यावा. त्यानंतर छातीवर मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाब द्यावेत आणि दर ३० दाबांनंतर २ श्वास द्यावेत. हे वाचून येणारे काम नाही, म्हणून प्रवासापूर्वी घरातील एकाने तरी प्रशिक्षण घ्यावे. नाकातोंडात पाणी जाऊन सावरलेल्या मुलाला पुढे खोकला, धाप किंवा असाधारण गुंगी जाणवली, तर विलंब न करता रुग्णालय गाठावे. आपत्कालीन मदतीसाठी ११२ आणि समुद्रावरील संकटासाठी भारतीय तटरक्षक दलाचा १५५४ हे क्रमांक जवळ ठेवावेत. प्रवास विमा असल्यास साहसी जलक्रीडा त्यातून वगळल्या आहेत का, हेही वाचून घ्यावे.

धक्क्यावरचा निर्णय

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना ‘बुडीत खर्च’ ही संकल्पना शिकवतात. जो पैसा परत येणार नाही, तो पुढील निर्णयात धरू नये, असे ते तत्त्व आहे. धक्क्यावर पोहोचल्यावर वारा वाढलेला दिसला, नौका खचाखच भरलेली आढळली, मापाचे जॅकेट नसले किंवा बाळाचे अंग कोमट लागले, तर तिकिटाचे पैसे बुडीत खाती टाकून मागे फिरावे. प्रवाळ पुढच्या वर्षीही तेथेच असतील आणि तोवर बाळ एका वर्षाने मोठे झालेले असेल. मात्र वारा शांत असेल, जॅकेट नीट बसले असेल आणि ‘आता बाळ माझ्याकडे’ म्हणणारा माणूस ठरलेला असेल, तर अवश्य जावे. निळ्या पाण्यावरची ती सकाळ बाळाला आठवणार नाही, पण आपल्याला मात्र जन्मभर आठवेल.