वीटभट्टीवरून परतलेला विद्यार्थी

वज्रेश्वरीला गेलेल्यांनी तानसा नदीकाठची अकलोलीची गरम पाण्याची कुंडे पाहिली असतील. याच भिवंडी तालुक्यात दिवाळीनंतर वीटभट्ट्या पेटतात आणि पावसाळ्यापर्यंत चालतात. तेथे राबणारी अनेक कुटुंबे कातकरी समाजाची असतात. मालकाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी सारे घर भट्टीवर मुक्कामाला येते. वेठबिगारीवर १९७६ च्या कायद्याने बंदी आली, तरी उचलीचा फास पुरता सुटलेला नाही.

अशा घरातील मूल जूनमध्ये पुन्हा वर्गात येते, ते मागच्या बाकावर गप्प बसते. त्याला ‘मठ्ठ’ म्हणून आपण मोकळे होतो. विद्यार्थी मित्रांनो, हे निदान शास्त्रीय आहे काय?

अंगावर कुत्रा धावून आला की मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी रक्तात संप्रेरके सोडतात. छाती धडधडते, स्नायू पळण्यास सज्ज होतात. कुत्रा गेला की सारे निवळते. ही व्यवस्था उपकारकच आहे. परंतु देण्याची चिंता, अपुरी झोप, धाकट्या भावंडाची राखण आणि अनोळखी जागा हा ‘कुत्रा’ महिनोन्‌महिने दाराशी बसून राहिला तर? कॉर्टिसॉल या संप्रेरकाचे तंत्र बिघडते, लक्ष टिकत नाही, पाठ केलेले आठवत नाही. मूल चिडते, किंवा ‘पोट दुखते’ म्हणते. आणि ते पोट खरोखरच दुखत असते!

तमिळनाडूतील ऊस उत्पादकांवरचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. तोडणीपूर्वी, पैशाची चणचण असताना, शेतकऱ्यांना बुद्धीच्या चाचण्या कठीण गेल्या. तोडणीनंतर त्याच माणसांनी त्या अधिक चांगल्या सोडविल्या. हा प्रयोग प्रौढांवरचा, तेव्हा तो मुलांना जसाच्या तसा लावू नये. तरी काळजी बुद्धीची जागा अडवते, एवढे त्यावरून दिसते.

हवाई बेटांपैकी कवाई येथे १९५५ साली जन्मलेल्या मुलांचा एमी वर्नर यांनी अनेक वर्षे मागोवा घेतला. अतिशय बिकट परिस्थितीत वाढलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले कर्ती व समाधानी निघाली. त्यांच्या आयुष्यात आजी, शेजारी किंवा शिक्षक असे एखादे तरी भरवशाचे मोठे माणूस होते.

स्थलांतराने नेमका हाच धागा तुटतो. विधायक संसद या संस्थेने भट्ट्यांवर ‘भोंगाशाळा’ चालविल्या, त्यांचे महत्त्व येथे कळते. भोंगा म्हणजे मजुराची तात्पुरती झोपडी. राज्यात अशा मुलांसाठी शिक्षण हमी कार्डही आहे. मूल कोठवर शिकले हे त्यावरून नव्या गुरुजींना समजते. मात्र ते कोणाजवळ बोलते, कशाला भिते, हे जुन्या गुरुजींनीच कळवावे लागते.