जुन्या कानशीची सुरी

वऱ्हाडांत सुताराच्या किंवा लोहाराच्या दारीं दांते झिजलेली कानस मोडींत पडलेली पुष्कळदां दिसते. ती फुकट दवडूं नये. गाडीवर संसार घेऊन गांवोगांव फिरणारे घिसाडी मोडीच्या लोखंडापासूनच विळे व सुऱ्या घडवीत आले आहेत. ही रीत आज समजून घेऊं.

कानस पोलादाची असते. लोखंड व पोलाद यांतील भेद त्यांतील कोळशाच्या अंशामुळें होतो, हें १७८६ सालीं फ्रान्सांतील तीन शास्त्रज्ञांनीं दाखविलें. चांगल्या कानशींत हा अंश शेंकडा एकाच्या आसपास असतो. म्हणून तिला पाणी चढतें. साध्या लोखंडी पट्टीस तें चढत नाहीं.

१. मऊ करणें. कानस लाल तापवून कोरड्या राखेंत रात्रभर पुरून ठेवावी. सावकाश निवाली म्हणजे ती मऊ होते. मग तिचे सर्व दांते घासून काढावे; राहिलेल्या खांचेंतूनच पुढें पातें तडकतें.

२. घडविणें. नारिंगी लाल असतांच ऐरणीवर ठोकावें. काळें पडल्यावर ठोकूं नये, व ठिणग्या उडेपर्यंत तापवूंही नये. जळालेलें पोलाद निरुपयोगी होतें. धार अद्याप जाडच ठेवावी.

३. पाणी देणें. पातें सारखें तापवावें. लोहचुंबक त्यास चिकटेनासें झालें (सुमारें ७७० अंश) कीं किंचित् अधिक तापवून कोमट सरकीच्या तेलांत बुडवावें. साध्या पाण्यांत पातळ पातें तडकण्याचें भय असतें. तेल पेट घेतें. यास्तव काम उघड्यावर, लांब सांडशीनें करावें आणि झांकण जवळ ठेवावें.

४. कठीणपणा उतरविणें. येथेंच पुष्कळ जण चुकतात. पाणी दिलेलें पातें कांचेसारखें ठिसूळ असतें. हातून पडलें तरी मोडतें. म्हणून तें घासून चकचकीत करावें व तापलेल्या लोखंडी पाटीवर हळूहळू गरम करावें. वाळल्या कडब्यासारखा पिवळा रंग (सुमारें २२० ते २३० अंश) चढतांच काढून घ्यावें. निळा रंग आला तर धार टिकणार नाहीं.

शेवटीं बाभळीची किंवा सागाची मूठ बसवून ओल्या दगडावर धार लावावी. केवळ कठीण पातें टिकत नाहीं; ज्याचा ठिसूळपणा वेळीं उतरविला, तेंच वर्षानुवर्षें कामास येतें.

प्रश्न : दांते कां घासावे? तेल कां वापरावें? पिवळ्या रंगावरून काय समजावें?