वारणेचा प्रयोग आणि लोकसेवांचे पुढील संशोधन

कोल्हापूर जिल्ह्याच्या पन्हाळा तालुक्यातील वारणानगर हे नाव सहकाराच्या क्षेत्रात सुपरिचित आहे. संगणकीय लोकसेवांच्या अभ्यासकांनाही ते तितकेच परिचित असावयास हवे. १९९८ मध्ये केंद्र शासन, राज्य शासन आणि वारणा सहकारी समूह यांच्या सहभागाने येथे एक प्रयोग हाती घेण्यात आला. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावे संगणकाने जोडावयाची आणि पीकविषयक सल्ला, बाजारभाव, शासकीय योजना यांची माहिती गावातच उपलब्ध करून द्यावयाची, अशी ही कल्पना होती. त्या काळाचा विचार करता तिच्यातील धाडस ध्यानी येते.

प्रत्यक्षात घडले ते काहीसे निराळे. केंद्रावर येणारा ऊस उत्पादक मुख्यत्वे आपल्या उसाविषयीच विचारी : वजन किती भरले, बिल किती झाले, खताची उचल किती पडली? इतर माहितीसाठी संगणकाचा वापर फारसा झाला नाही. पुढे बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडिया या संस्थेतील अभ्यासकांनी ही बाब हेरली. प्रश्न मोजके आणि उत्तरे आकड्यांची, तर त्यासाठी प्रत्येक गावी संगणक कशाला? त्यांनी ७ गावांत ८ महिने साध्या मोबाइल संदेशाद्वारे हीच माहिती पुरवून पाहिली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ही पद्धत अधिक सोयीची व अल्पखर्चाची ठरली.

सेवा सुरू झाल्यानंतर गावात जाऊन तिचा वापर तपासला गेला, हे या अभ्यासाचे खरे मोल होय. असे अभ्यास आजही विरळाच.

आज डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उतारा घरबसल्या मिळतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवांना कालमर्यादा आहे. विलंब झाल्यास अपिलाची तरतूद आहे. तथापि ही मुदत मोजली जाते ती अर्ज रीतसर दाखल झाल्यापासून. त्यापूर्वीचे हेलपाटे कोणत्याही संगणकात नोंदले जात नाहीत. दोन कागदांवर नाव दोन प्रकारे लिहिलेले असते. राबून झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्र ओळखीत नाही. वारसनोंद राहून गेलेली असते. शेतमजुराच्या दृष्टीने असा प्रत्येक हेलपाटा म्हणजे एका दिवसाची बुडालेली मजुरी. शासनाच्या आकडेवारीत मात्र हा माणूस अर्जदारच नसतो. संशोधनाचा पहिला विषय तोच असावा.

दुसरा विषय सेवा केंद्रचालकाचा. ‘ऑनलाइन’ म्हणविला जाणारा अर्ज पुष्कळदा त्याच्याच हातून भरला जातो. नागरिकाचा परवलीचा शब्दही क्वचित त्याच्यापाशीच राहतो. त्याला वगळून सेवेचे मूल्यमापन करणे म्हणजे तलाठ्यास वगळून जमीन महसुलाचा अभ्यास करण्यासारखेच! बोलून वापरावयाच्या यंत्रणांविषयी सध्या उत्साह दिसतो. त्या ग्रांथिक मराठीपुरत्याच राहतात की पन्हाळा-शाहूवाडीकडील बोलही उमजतात, हे त्या भागातील वृद्ध स्त्री-पुरुषांसमक्षच तपासावे लागेल.

यासाठी मोठा खर्च अपरिहार्य नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील समाजशास्त्र वा संगणकशास्त्राचे विद्यार्थी महिनाभर एखाद्या तालुक्यातील सेवा केंद्रावर बसू शकतील. त्यांच्या नोंदवहीत ‘परत गेलेले नागरिक व त्याचे कारण’ एवढा एक रकाना असला, तरी अभ्यासास आरंभ होईल.