दावण आणि पावती

लेकरा, गायरानाच्या तुकड्याचे कागद सगळे एका घरात ठेवायचे नाहीत. 1978 ला विद्यापीठाच्या नामांतराच्या वेळी मराठवाड्यात वस्त्या जाळल्या, आपल्या परभणी जिल्ह्यातही जाळल्या. कुडात खोचलेले कागद कुडासंगं गेले. झेरॉक्सचा एक संच मामाकडं, एक तुझ्या बहिणीच्या सासरी.

दंडाची पावती सगळ्यात वर ठेव. तलाठी अतिक्रमणाचा दंड लावायला आला की लोक तोंड चुकवतात. तू पुढं हो, दंड भर आणि पावती घे. अमुक साली तू इथं कसत होतास, हे सरकारनंच लिहून दिलं की! दादासाहेब गायकवाडांनी 1959 ला मराठवाड्यात भूमिहीनांचा सत्याग्रह केला, तेव्हाही माणसं गायरानात उतरली होती. पण पुढं जमीन नावावर करायला सरकारनं 14 एप्रिल 1990 च्या आधीचा ताबा दाखवा म्हटल्यावर नुसता घाम गाळलेला काय दाखवणार? गाव नमुना एक-ई मध्ये, म्हणजे तलाठ्याच्या अतिक्रमणाच्या नोंदवहीत, नाव आहे का, ते दरसाल जाऊन बघ. ‘आहे, आहे’ ऐकून माघारी फिरू नको, नक्कल माग.

उभ्या तुरीत रात्री ढोरं सोडायची, ही इथली जुनी खोड. काठी घेऊन धावू नको. मुक्या जनावराला लागलं की गुन्हा तुझ्यावरच. दोन माणसं बोलव, ढोरं हाकून कोंडवाड्यात घाल, तिथलीही पावती घे. फोटो असा काढ, की खाल्लेली तूर आणि ढोराच्या कानातला पिवळा बिल्ला दोन्ही दिसतील. बिल्ल्यावरचे 12 आकडे मालकाचं नाव सांगतात. जमिनीवरून हुसकलं, तर 1989 च्या ॲट्रॉसिटी कायद्यात त्यालाही कलम आहे. फिर्यादीत शिवी जशीच्या तशी लिहायची, लाजायचं नाही.

आता रोगाचं ऐक. माझ्या लहानपणी बुळकांडी यायची. डोळ्यानाकातून पाणी, तोंडात फोड, मग हगवण, की दावण रिकामी. गाव मरीआईचा गाडा शिवेवर नेऊन सोडायचं आणि पलीकडचं गाव तो अडवायला काठ्या घेऊन उभं! मेलेलं ढोर ओढायला बोलावणं मात्र आपल्या वस्तीला. तुझ्या पणज्यानं ते काम सोडलं, तेव्हा विहिरीचं पाणी बंद झालं होतं. बुळकांडी लसीनं हटली, 2011 ला जगातूनच गेल्याचं जाहीर झालं.

फाशी मात्र अजून आहे. ढोर अचानक मेलं, नाकातून काळं रक्त आलं आणि ते गोठेना, तर कातड्याला सुरी लावायची नाही, कुणी कितीही पैसे देवो. डॉक्टरला दाखवून चुना टाकून खोल पुरायचं. त्या जागेवर शेळ्या नेऊ नको. तो रोग मातीत वर्षानुवर्षं टिकतो.

2022 चं तर तुला आठवतंच. पावसाळ्यात लम्पी, आणि हिवाळा लागता लागता हायकोर्टाच्या आदेशावरून गायरान सोडायच्या नोटिसा. गोठा अतिक्रमणात म्हणून वस्तीत एकानं गाठी आलेली गाय कुणाला दाखवली नाही, मेली तर रात्रीत पुरली. सरकार गायीला 30 हजार, बैलाला 25 हजार देत होतं. पंचनामा नाही म्हणून त्याला छदाम मिळाला नाही. शिवाय गोचीड-माशांनी रोग शेजारच्या दावणीला नेला, ते वेगळंच. अरे, ढोरांचा डॉक्टर सातबारा विचारत नाही! 1962 या नंबरावर फोन लावायचा.

नोटीस आली तर घ्यायची, तारीख टाकून सही करायची. नाही घेतली तर दाराला चिकटवतात आणि उत्तराची मुदत निघून जाते. उत्तर लेखी दे, पोच घे.

घटसर्प-फऱ्याची लस पावसाच्या आधी, लाळ्या-खुरकूताची वर्षातून दोनदा. बाजारातून आणलेली शेळी तीन आठवडे कळपात मिसळू देऊ नको, तिची पाण्याची बादलीसुद्धा वेगळी. आणि डॉक्टर लस टोचून गेला, की तारीख त्याच वहीत लिही, जिच्यात दंडाच्या पावत्या चिकटवल्यात.